छाटणी कुणाच्या भल्यासाठी?

'छाटणी' हा शब्द माझ्या आयुष्यात दोनदा आला. पहिल्यांदा निफाडकडच्या आमच्या द्राक्षबागेत. एप्रिल आला की अण्णा, म्हणजे माझे वडील, कात्र्यांना धार लावून आणायचे. दुसऱ्यांदा इंजिनिअर होऊन नोकरीला लागल्यावर, बातम्यांच्या मथळ्यांत: अमुक कंपनीत हजारो कर्मचाऱ्यांची छाटणी. शब्द एकच असल्यामुळे दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडते असं वाटून जातं. कुणीतरी जाणकार माणूस असतो, त्याच्या हातात कात्री असते, थोडं दुखतं, पण शेवटी भलंच होतं.

हे 'शेवटी भलं' मला जरा उघडून बघायचंय. त्यासाठी मी क्लेमॅटिस नावाची वेल घेतो. एक कारण असं की गेली दोन वर्षं मी इंग्लंडमध्ये वोकिंगला भाड्याच्या घरात राहतो आणि मागच्या अंगणातल्या कुंपणावर ही वेल आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. 'कापू की नको' या प्रश्नावर माणसाला इतका विचार करायला लावणारी दुसरी वेल मला माहीत नाही.

नाव परदेशी वाटलं तरी ही वेल आपल्याला अगदीच परकी नाही. पावसाळा सरत आला की सह्याद्रीत झुडपांवर पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं पसरवणारी मोरवेल, जिला काही जण रानजाई म्हणतात, ती क्लेमॅटिसच. हिमालयातली मोंटाना नावाची जात 1831 मध्ये माजी गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अ‍ॅमहर्स्ट यांच्यामार्फत इंग्लंडला पोचली. आणि इंग्लंडमधल्या अंगणाअंगणात दिसणारी गडद जांभळी 'जॅकमनाय' ही तर आमच्या वोकिंगचीच. इथल्या जॅकमन यांच्या नर्सरीत 1858 मध्ये संकर केला गेला आणि 1862 मध्ये त्याला फुलं आली. संकरात एका बाजूला चीनमधून आणलेली जात होती, दुसऱ्या बाजूला दक्षिण युरोपातली.

एकच कात्री, तीन उत्तरं

इथले माळी क्लेमॅटिसचे छाटणीसाठी तीन गट करतात.

पहिला गट हिवाळ्याच्या शेवटी किंवा वसंतात फुलतो. मोंटाना, अल्पिना या त्यातल्या. त्यांची फुलं गेल्या वर्षीच्या जुन्या काडीवर येतात. यांना कापायचंच असेल तर फुलून गेल्यावर, आणि तेही बेतानं.

दुसरा गट मे-जूनमध्ये मोठी, बशीएवढी फुलं देतो. तीही गेल्या वर्षीच्या काडीतून निघालेल्या आखूड फुटव्यांवर. यांचं फेब्रुवारी-मार्चमध्ये फक्त वाळकं आणि कमकुवत काढायचं, बाकी जपायचं.

तिसरा गट उन्हाळ्याच्या मध्यापासून पुढे फुलतो, पूर्णपणे नव्या काडीवर. जॅकमनाय आणि व्हिटिसेला या गटातल्या. यांना फेब्रुवारीत जमिनीपासून साधारण फूटभर ठेवून, निरोगी डोळ्यांच्या जोडीवर, बाकी सगळं सपासप कापायचं.

आता गंमत बघा. कात्री तीच, महिना तोच, हातही तोच. तिसऱ्या गटातल्या वेलीला त्या कापण्यातून बहर मिळतो. पहिल्या गटातल्या वेलीची त्या वर्षीची सगळी फुलं कचऱ्यात जातात. जुन्या मोंटानाचं जाड खोडच कापलं, तर ती पुन्हा फुटेलच याची खात्री नसते. म्हणजे 'फेब्रुवारीत कडक छाटणी करावी' हे वाक्य खरं की खोटं, या प्रश्नाला उत्तरच नाही. कुणाची, हे आधी सांगावं लागतं.

आमच्या कुंपणावरच्या वेलीला लेबल नव्हतं. कुणीतरी आधीच्या भाडेकरूनं लावलेली. शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून प्रेमानं सांगितलं, की फेब्रुवारी आलाय, गुडघ्याएवढी ठेव आणि बाकी उडव, मी 30 वर्षं हेच करतेय. त्यांच्या वेलीला दरवर्षी मी फुलं पाहतो, मुसंडी मारून येतात. पण त्यांची वेल जॅकमनाय आहे. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या वेलीबद्दल त्या शंभर टक्के बरोबर होत्या.

मला वाटतं आपल्याला मिळणारे बहुतेक सल्ले असेच असतात. 'आम्हाला मारून मारून शिकवलं म्हणून आम्ही घडलो' असं म्हणणारे काका खोटं बोलत नसतात. ते तिसऱ्या गटातले असतील. त्यांच्याशेजारी बसलेला, तेवढाच मार खाऊन कायमचा गप्प झालेला त्यांचा भाऊ मात्र सल्ले द्यायला पुढे येत नाही. ज्यांना कापणं मानवलं तेच पुढे कात्रीचे प्रचारक होतात. जे सुकले, त्यांची साक्ष आपल्यापर्यंत पोचतच नाही.

त्या रात्री मी व्हिडिओ कॉलवर अण्णांना वेल दाखवली. "अण्णा, नाव माहीत नाही. कापू का?"

ते स्क्रीनजवळ आले. "डोळा कुठंय ते बघ आधी. जुन्या काडीवर फुगलाय का?"

"आहेत थोडे फुगलेले. नक्की कळत नाही."

"मग कशाला हात लावतो? एक वरीस बघ तिच्याकडं. पळून चालली का ती?"

द्राक्षाच्या भाषेत 'डोळा' म्हणजे काडीवरची ती कळी, जिथून पुढची फूट निघते. आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. एप्रिलनंतर जी नवी काडी येते, तिच्या डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड आधीच तयार होऊ लागतो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून बरेच शेतकरी ऑक्टोबरच्या छाटणीआधी काड्या तपासायला देतात. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा उभा कापून बघतात, की घड कितव्या डोळ्यात आहे. मग ठरतं, कात्री कुठे लावायची.

लहानपणी मला हे सगळं फक्त काम वाटायचं. आता त्यातली नीती दिसते. कापायच्या आधी शोधायचं, की याचं फळ कुठे लपलंय. आणि शोधता येत नसेल, तर थांबायचं. इथल्या बागकामातही अनोळखी क्लेमॅटिससाठी हाच सल्ला देतात: एक वर्ष काही करू नका, ती कधी फुलते आणि कुठल्या काडीवर फुलते ते बघा.

बेल कर्व्ह

त्याच फेब्रुवारीत ऑफिसात माझ्यासमोर एक फॉर्म आला. मी सात जणांच्या टीमचा लीड आहे. फॉर्मवर सातही नावं होती आणि अट एकच होती: किमान एक नाव 'अपेक्षेपेक्षा कमी' या रकान्यात हवं. ज्यांनी आयटीत काम केलंय त्यांना हे नवं नाही. वरच्या साहेबांनी मीटिंगमध्ये शब्द वापरला, 'प्रूनिंग'. प्रूनिंग टीमसाठी हेल्दी असतं, म्हणाले.

ही कल्पना जुनी आहे. जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख असताना जॅक वेल्च यांनी 20-70-10 ही विभागणी गाजवली. वरचे 20 टक्के गौरवायचे, मधले 70 सांभाळायचे, खालच्या 10 टक्क्यांना जायला लावायचं. या आलेखाला नाव काय, तर 'व्हायटॅलिटी कर्व्ह'. व्हायटॅलिटी म्हणजे जोम, चैतन्य. म्हणजे शब्द बागेतूनच उचललेला. मायक्रोसॉफ्टनं अशी सक्तीची क्रमवारी 2013 मध्ये बंद केली, पण बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या नावांनी ती चालू आहे.

आकड्यांनुसार माझ्या टीममध्ये तळाला कोण होतं, हे उघड होतं. पाच महिन्यांपूर्वी आलेला एक मुलगा. पेमेंटचा एक जुना भाग आहे आमच्याकडे. तो लिहिणारे लोक कधीच निघून गेलेत आणि त्याला हात लावायला सगळे घाबरतात. हा मुलगा महिनोन्महिने तोच वाचत होता. प्रश्न विचारायचा, वहीत चौकोन आणि बाण काढायचा. फॉर्म विचारत होता: या तिमाहीत किती तिकिटं बंद केली? किती कोड दिला? त्याचे आकडे बारीक होते.

मला तेव्हा जाणवलं, की या फॉर्मला फक्त नव्या काडीवरची फुलं मोजता येतात. जी जुन्या काडीवर येणार आहेत, त्यांच्यासाठी त्यात रकानाच नाही. तो मुलगा पुढे फुलणार होता की नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो. पण नेमकं तेच तर कारण होतं. मला माहीत नव्हतं, आणि फॉर्म मला माहीत असल्यासारखं लिहायला सांगत होता.

ज्याला कापलं आणि ज्याला फुलं आली

थोडं थांबून 'प्रूनिंग' या उपमेकडेच बघू. तिच्यात एक हातचलाखी आहे.

वेलीची काडी कापली जाते तेव्हा ज्याला जखम होते आणि ज्याला पुढे बहर येतो, तो जीव एकच असतो. मुळं तीच राहतात. कापल्यामुळे वाचलेली ताकद त्याच मुळांतून त्याच वेलीच्या उरलेल्या डोळ्यांना मिळते. म्हणून छाटणीला 'तुझ्या भल्यासाठी' म्हणण्यात निदान काही अर्थ आहे.

नोकरीवरून काढलेला माणूस मात्र काडी नसतो. त्याला स्वतःची मुळं असतात, घरभाडं असतं, माझ्यासारख्याला व्हिसा असतो, गावी पाठवायचे पैसे असतात. त्याला कापल्यावर जी फुलं येतात ती कंपनीच्या ताळेबंदात येतात. त्याच्या अंगणात काही येत नाही. ज्याचं नुकसान झालं आणि ज्याचा फायदा झाला, ते दोन वेगळे जीव आहेत. दोघांना एकच झाड मानलं, की मग कुणाचंही काहीही कापून 'झाडाचं भलं झालं' म्हणता येतं.

याचा अर्थ कंपनीनं कधीच कुणाला काढू नये, असा मी काढत नाही. पैसे संपले तर संपले. न्यूझीलंडमधलं उदाहरण बघा. युरोपातली व्हिटाल्बा नावाची रानटी क्लेमॅटिस तिथे बागांमधून सुटली आणि जंगलात पसरली. ती झाडांवर चढून त्यांना झाकून टाकते, सूर्यप्रकाश तोडते. 1989 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड बेलामी यांना पुढे करून तिच्याविरुद्ध मोठी मोहीम चालली. 'ओल्ड मॅन्स बिअर्ड मस्ट गो' हे तिचं घोषवाक्य. 'म्हाताऱ्याची दाढी' हे त्या वेलीचं इंग्रजी नाव, तिच्या पिसांसारख्या बियांमुळे पडलेलं. त्या मोहिमेतला प्रामाणिकपणा मला आवडतो. ती वेलीच्या भल्यासाठी आहे, असं घोषवाक्य म्हणत नाही. आम्हाला जंगल वाचवायचंय, म्हणून तू जा, एवढाच त्याचा अर्थ.

मराठीत आपल्याकडे यासाठी दुसरा, साधा शब्द आहे: कपात. खर्च जास्त झाला, म्हणून माणसं कमी केली, ही कपात. ती कधी अटळ असेल, कधी निर्दयी असेल, पण निदान ती कुणाच्या फायद्यासाठी आहे हे लपत नाही. 'छाटणी' म्हटलं की कापणारा माळी होतो. त्याच्या हातात आपोआप शहाणपण येतं, आणि ज्याला कापलं तो वाळकी काडी ठरतो.

नजरेची उंची

आता दुसरी बाजूही नीट घ्यायला हवी. नाहीतर हा लेख 'कुणाला काही बोलू नका, सगळे आपापल्या वेळी फुलतील' अशा स्टेटसवर येऊन थांबेल.

अण्णांचं म्हणणं आहे, की कीव येऊन न छाटलेली बाग दोन वर्षांत वाया जाते. क्लेमॅटिसच्या तिसऱ्या गटाचंही तसंच. न कापता सोडली तर खाली नागड्या काड्यांचा गुंता होतो आणि सगळी हिरवळ वर पळते. ज्युनियरच्या कोडमधली चूक 'त्याला वाईट वाटेल' म्हणून न सांगणारा सीनियर दयाळू नसतो, त्याला फक्त कटकट नको असते.

पण इथेही एक बारीक गोष्ट आहे, जी मला बराच काळ दिसली नव्हती. तिसऱ्या गटातली न कापलेली वेल मरत नाही. ती फुलायचीही थांबत नाही. ती वर, शेंड्याला फुलते, कुंपणाच्या पलीकडे, शेजारच्या झाडाच्या डोक्यावर. मोरवेलीला सह्याद्रीत कोण छाटतं? तरी ती फुलतेच. आपण कापतो ते बरंचसं यासाठी, की फुलं आपल्या नजरेच्या उंचीवर यावीत.

मला हे कळलं तेव्हा घराघरांतले कितीतरी संवाद वेगळे ऐकू यायला लागले. 'तुझ्या भल्यासाठीच सांगतोय, नाटक सोड आणि अभ्यास कर.' 'एवढी शिकलीस, आता लग्नाचं बघ, तुझ्याच भल्याचं आहे.' यातली काही वाक्यं खरंच भल्याची असतात. पण बऱ्याच वेळा म्हणायचं एवढंच असतं: तू फुलशीलच, पण आम्हाला दिसेल अशा ठिकाणी फुल. ही इच्छा वाईट नाही. आईवडिलांना लेकरू दिसावंसं वाटणार. मीही अंगणात खुर्ची टाकून बसतो तेव्हा मला फुलं समोर हवी असतात. फक्त ती माझी इच्छा आहे, हे मी कबूल करायला हवं. वेलीच्या नावावर ती खपवायला नको.

कात्रीच्या आधी

क्लेमॅटिस वाढवणारे अनुभवी लोक छाटणीपेक्षा निवडीबद्दल जास्त बोलतात. लोक वेल निवडतात ती लेबलवरच्या फोटोतलं फूल बघून. खरं तर आधी जागा बघायची असते. मोंटाना 8-10 मीटर सहज जाते. ती कमरेएवढ्या कुंपणाला लावली, की आयुष्यभर कात्री घेऊन तिच्यामागे धावावं लागतं, आणि त्याचा दोष वेलीला मिळतो: फार माजते. थंड, उत्तरेकडच्या भिंतीला अल्पिना चालते. फिकट गुलाबी 'नेली मोझर'चा रंग कडक उन्हात विटतो, तिला थोडी सावली बरी.

आधाराचंही तसंच. क्लेमॅटिस चढते ती पानाच्या देठानं. देठ काहीतरी बारीक शोधतो आणि त्याला विळखा घालतो. चार्ल्स डार्विननं 1865 मध्ये वेलींवर लिहिलेल्या दीर्घ निबंधात या देठांवर प्रयोग केलेत. काडीनं हलकेच घासून, दोऱ्याचे फास अडकवून त्यानं पाहिलं, की इतक्याशा स्पर्शानंही देठ वळतो. पण जाड खांब दिला तर त्या चिमुकल्या देठाला तो कवेत घेता येत नाही. तार हवी, सुतळी हवी, बोटापेक्षा बारीक काहीतरी. खांब कितीही भक्कम असला तरी वेल त्याच्या पायाशी लोळत राहते. आणि आपण म्हणतो, एवढा आधार दिला तरी हिला चढता येत नाही.

म्हणजे बरीचशी छाटणी ही चुकीच्या निवडीची वसुली असते, आणि ती भरते वेल. कोरोनाच्या काळात टेक कंपन्यांनी धडाधड भरती केली आणि 2022-23 मध्ये धडाधड माणसं काढली. भरती करताना हिशेब चुकला तो वर बसलेल्यांचा. 'अपेक्षेपेक्षा कमी' हा शिक्का मात्र खालच्यांच्या फाइलवर बसला.

एक शेवटची गोष्ट वेलीबद्दल. मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिसला विल्ट नावाचा बुरशीजन्य रोग होतो. काल टवटवीत असलेली वेल दोन-चार दिवसांत काळी पडून माना टाकते. म्हणून लावतानाच ती कुंडीतल्या मातीच्या पातळीपेक्षा 5-8 सेंटिमीटर खोल लावतात. रोगट भाग कापून टाकला तरी मातीखाली काही डोळे शिल्लक राहतात आणि तिथून ती पुन्हा फुटू शकते. मेली म्हणून लगेच उपटू नका, असं सांगतात. कापावं लागलंच, तर परत फुटायला जागा शिल्लक आहे का, हा प्रश्न मला यातून मिळाला. माणसाच्या बाबतीत ती जागा म्हणजे पुरेसा नोटीस काळ, खरं लिहिलेलं शिफारसपत्र, आणि 'तू निकामी आहेस' हे न ऐकवणं.

फॉर्मचं काय झालं

मी त्या रकान्यात नाव लिहिलं नाही. कारण लिहिलं: या व्यक्तीचं काम पाच महिन्यांत मोजता येण्यासारखं नाही, मला अजून माहिती नाही, आणि नसलेली माहिती मी आकड्यात लिहू शकत नाही. साहेब नाराज झाले. दोन आठवड्यांनी यादी आली. त्यात आमच्या टीममधलं कुणी नव्हतं. पण यादीची लांबी ठरलेलीच होती. माझ्याकडून न गेलेलं नाव दुसऱ्या कुठल्या तरी टीममधून गेलं असणार. ती व्यक्ती कोण, मला माहीत नाही. ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही, आणि तिनं बसू देऊ नये असंच मला वाटतं. एकट्यानं खोटं न लिहिण्यानं व्यवस्था थांबत नाही. फक्त एक खोटं कमी होतं.

वेल मी कापली नाही. मेच्या मध्यावर ती फुलली, गेल्या वर्षीच्या काड्यांवरून निघालेल्या आखूड फुटव्यांवर. फिकट गुलाबी, प्रत्येक पाकळीच्या मधून गडद पट्टा. म्हणजे दुसरा गट, आणि बहुतेक नेली मोझरच. अण्णांना फोटो पाठवला तर म्हणाले, "घड नाय लागत का हिला?"

या वर्षअखेर मी हे घर सोडतोय. पुढचा भाडेकरू कोण असेल माहीत नाही, पण फेब्रुवारीत शेजारच्या आजी त्यालाही तोच सल्ला देतील, तितक्याच प्रेमानं. म्हणून वेलीच्या बुडाशी एक लेबल बांधलंय, पाऊस-बर्फात टिकेल अशा पेननं लिहून: दुसरा गट, मे महिन्यात फुलते, जुन्या काड्या ठेवा.